कोंबडी कोणी नेली?



सकाळी खुराड्याचे दार उघडावे, कोंबड्या मोजाव्यात आणि एक कमी भरावी, हा प्रसंग परसात कोंबड्या पाळणाऱ्या कोणत्या घरावर आला नाही? म्हणायला कोंबडी एकच. पण तिच्याबरोबर तिची अंडी जातात, आणि त्या अंड्यांवर घरातल्या बाईचे तेल-मीठ नि मुलांच्या वह्या चालत असतात. मग तर्क सुरू होतात. कोणी म्हणते मुंगूस, कोणी म्हणते साप. जो आधी दृष्टीस पडेल त्याच्यावर काठी बसते. आणि चार दिवसांनी पुन्हा एक कोंबडी कमी!

आमच्या शेजारच्या वाडीत असेच झाले. रात्रीतून पिले नाहीशी होऊ लागली. भर दुपारी बांधावर मुंगूस दिसले, ते लोकांनी मारले. पिले जायची काही थांबली नाहीत. पुढे कोपऱ्यातला पेंढा हलवला, तेव्हा खाली घुशीचे बीळ निघाले आणि बिळाच्या तोंडाशी पिलांची पिसे! मुंगूस हा दिवसा हिंडणारा प्राणी. रात्रीच्या चोरीचा आळ त्याच्यावर घ्यायला नको होता. घूस राहिली, आणि उंदीर-साप मारणारा राखणदार मात्र गेला.

म्हणून सांगणे एवढेच, की आधी खुणा वाचा, मग उपाय करा.

पहिला प्रश्न विचारावा तो असा: चोरी केव्हा झाली? दिवसा झाली असेल तर घार, शिक्रा, कावळा, मुंगूस किंवा मोकाट कुत्रा यांपैकी कोणी असेल. रात्री झाली असेल तर रानमांजर, उदमांजर, कोल्हा, कुत्रा किंवा घूस. साप मात्र दोन्ही वेळा येऊ शकतो.

दुसरा प्रश्न: मागे काय राहिले? उघड्या अंगणातून दिवसा पिलू गेले आणि मागे काहीच नाही, तर आधी आभाळाकडे पाहावे. घार पिलू अलगद उचलून नेते. बंद खुराड्यातून अंडी किंवा पिले गेली, पण टरफल नाही, रक्त नाही, पीस नाही, तर साप असू शकतो, कारण तो सगळे सबंधच गिळतो. अशा वेळी अंधारात खुराड्यात हात घालू नका. साप आतच असण्याचा संभव असतो. फुटकी टरफले जागीच पडली असतील तर मुंगूस किंवा कावळ्याचा संशय घ्यावा. मुंगूस मानेला किंवा डोक्याला चावते. ते रक्त पिऊन जाते ही मात्र नुसती समजूत आहे. एकच कोंबडी गेली आणि पिसांची रांग कुंपणाकडे गेलेली दिसली, तर रानमांजर किंवा कोल्हा. पुष्कळ कोंबड्या फाडून इकडेतिकडे टाकलेल्या, खाल्लेली एकही नाही, दार मोडलेले. हे काम बहुधा कुत्र्यांचे. रानातल्या जनावरावर आळ घेण्यापूर्वी गावातली कुत्री आठवावीत.

तिसरा प्रश्न: आत कोठून आला? कौल सरकले असेल तर उदमांजर. ते झाडावर आणि छपरावर सहज चढते. त्याच्या विष्ठेत फळांच्या बिया दिसतात. जमिनीतून बीळ असेल तर घूस.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर चुलीतली राख चाळून संध्याकाळी खुराड्याभोवती पसरा. सकाळी राखेत पाऊल उमटलेले दिसेल. चार बोटे आणि नखे नाहीत, तर मांजराची जात; मांजर चालताना नखे आत ओढून घेते. चार बोटे आणि पुढे नखांचे ठिपके, तर कुत्रा किंवा कोल्हा. पाच बोटे, तर मुंगूस किंवा उदमांजर. नागमोडी पट्टा, तर साप. आणि नखे नसलेला ठसा आपल्या चार जोडलेल्या बोटांएवढा रुंद असेल, तर तो बिबट्या असू शकतो. तेव्हा स्वतः शोध करीत न बसता वनखात्याला कळवावे.

आणखी एक गोष्ट. कोंबडी मेलेली सापडली आणि अंगावर जखमच नाही, किंवा कुरतडले आहे पण रक्त आलेले नाही, तर ती आधी मेली आणि उंदरांनी नंतर कुरतडली असे समजावे. तेथे चोर नव्हे, रोग आहे. ती मानमोडी, म्हणजे रानीखेत असू शकते. मेलेली कोंबडी खोल पुरून पशुवैद्याला गाठा, नाहीतर सगळे खुराडे रिकामे होईल.

चोर कळला की उपाय सोपा. घारीसाठी पिले डालग्याखाली ठेवा. साप आणि घूस यांच्यासाठी झरोक्यांना अर्ध्या इंचाची तारेची जाळी बसवा. खाली फरशी घाला, किंवा जाळीच हातभर जमिनीत पुरा. दाराला चांगली कडी लावा आणि दिवेलागणीपूर्वी ते बंद करा. अंडी रोज गोळा करा. सांडलेले दाणे झाडून घ्या, कारण दाण्यांपाठी उंदीर येतो आणि उंदरापाठी साप.

विष मात्र घालू नका. ते चोराला ओळखत नाही. घरचे मांजर, कुत्रे, कोंबड्या, कधी मूलही त्याला बळी पडते. शिवाय मुंगूस, रानमांजर, नाग यांसारख्या प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. त्यांना मारणे गुन्हा आहे.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. शाळेच्या आवारात एखाद्या संध्याकाळी राख पसरून ठेवा. सकाळी उमटलेले ठसे मुलांना वहीत काढू द्या आणि प्रत्येकाखाली नाव लिहू द्या. तीच मुले घरी जाऊन आजोबांची उगारलेली काठी थांबवतील आणि म्हणतील, "थांबा आजोबा, आधी पाऊल तर पाहू!"