उद्या कामावर घेतील का?

भिवंडीजवळ माणकोली, काल्हेर, दापोडे, पूर्णा भागात गोदामांची रांगच लागली आहे. आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले-मुली तिथे पॅकिंगला, माल चढवायला-उतरवायला जातात. पगार बहुधा ठेकेदाराच्या हातून. सणासुदीला माल वाढला की बोलावणे, ओसरला की "उद्यापासून येऊ नको". यंत्रमागाचेही तसेच, मजुरी मीटरवर, मंदी आली की माग बंद आणि मजुरीही बंद.

अशा कामावरून मन कसे उडते, हे आपण घरोघरी पाहतो. सुरुवातीला मुलगा झटून काम करतो. चार जणांना एकदम काढलेले पाहिले की म्हणतो, "आपलं काय आहे तिथं?" मग उशिरा जाणे, खाडे. लोक त्याला कामचुकार म्हणतात, आणि आपल्या समाजाला हा शब्द जरा लवकरच चिकटवतात. खरे तर उद्याचा भरवसा नसलेल्या कामात जीव ओतायला मन कचरते.

दुसरी तऱ्हा मला जास्त घातक वाटते. काही जण भीतीने दुप्पट राबतात. बोट चेंगरले, कंबर धरली, ताप आला, तरी सांगत नाहीत. सांगितले तर नाव कापतील! बीपीची तपासणी राहते, झोप उडते, पित्त वाढते, गुटखा वाढतो. दारूही शिरते आणि राग घरच्या बाईवर निघतो. (त्याला मात्र ताणाचे कारण चालणार नाही.)

नुसती टांगती तलवारही शरीराला लागते. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरील व्हाइटहॉल अभ्यासात एक खाते खासगी होणार असे कळल्यावर, नोकऱ्या जाण्याआधीच, तिथल्या लोकांची तब्येत खालावलेली आढळली. ती तर कायम नोकरीतली माणसे होती.

कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा प्रा. बी. पी. अदारकरांनी १९४४ साली सरकारला दिला, तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. त्यातूनच १९४८ चा ईएसआय कायदा आला. ईएसआय योजना ठेक्यावरच्या कामगारालाही लागू आहे. जिथे दहा किंवा जास्त माणसे कामाला आहेत आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे, तिथे ठेकेदाराला विमा नंबर विचारा. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात. १२,००० वर ९० रुपये. ठेकेदार बदलला तरी नंबर तोच राहतो, म्हणून लिहून ठेवा. आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर ईएसआयच्या डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. पैसे कापले जातात आणि नंबर मात्र दिलेला नाही, असे असेल तर पगाराची चिठ्ठी जपून ठेवा आणि एकट्याने न जाता चार-पाच जण मिळून ईएसआय कार्यालयात जा.

दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, जीव नकोसा वाटतो, असे घरात कुणाचे होत असेल तर "काम कर, बरं वाटेल" म्हणू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर मोफत आहे. रात्रीही लागतो, मराठीतही बोलता येते.