ग्रंथीच्या गोळीवर जीव टांगू नका

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिला अ‍ॅड्रिनल म्हणतात. तिच्यातून कॉर्टिसॉल हा स्राव रक्तात उतरतो, म्हणूनच ताप, अपघात, ऑपरेशन यांचा ताण शरीर सोसू शकते. ही ग्रंथी निकामी झाली की माणूस खंगतो, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, हिरड्या व तळहाताच्या रेषा काळवंडतात. (सावळ्या अंगावर ही काळवंड पटकन लक्षात येत नाही.) लंडनच्या डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली या आजाराचे वर्णन केले. त्यांच्या कित्येक रोग्यांत मूळ कारण क्षयाचे होते. क्षय आपल्या वस्त्यांना नवा नाही, म्हणून हा विषय आपलाही आहे.

या आजारावर जनावरांच्या ग्रंथी वाळवून केलेल्या गोळ्या ‘नैसर्गिक’ म्हणून खपवल्या जातात. ग्रंथी कमजोर, तर ग्रंथीच खा! ऐकायला गोड. पण तथागतांनी कालामांना सांगितले तसे, ऐकले म्हणून मानू नये. ही ग्रंथी कॉर्टिसॉल साठवून ठेवत नाही. लागेल तसे बनवते आणि लगेच रक्तात सोडते. रोजंदारीवरच्या माणसाचा गल्ला फोडून हाती काय लागणार? १९३० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी असा अर्क वापरला खरा, पण त्याला ढीगभर ग्रंथी लागत. पुढे केंडाल व राइशस्टाइन यांनी त्यातली शुद्ध द्रव्ये वेगळी केली. हेंच यांच्यासह त्यांना १९५० चे नोबेल मिळाले.

अमेरिकेत २०१८ साली अशा १२ उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. बाराही उत्पादनांत थायरॉइडचे हार्मोन निघाले, सातांत स्टिरॉइड. लेबलवर मात्र त्याचा पत्ता नाही. असला जमाखर्च कोणता ऑडिटर पास करील?

खरे औषध साधे आहे. हायड्रोकॉर्टिसोन, मोठ्या माणसाला बहुधा दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन वेळा विभागून, डॉक्टर ठरवतील तसे. ते सोडून ग्रंथीची गोळी धरली तर रोगी काही दिवसांत दगावू शकतो. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने स्टिरॉइड घेणाऱ्यांनीही ते एकदम तोडू नये. त्यांची ग्रंथी निजलेली असते. ताप आला तर डोस वाढवावा लागतो, तो किती हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. उलटीमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर वाट न पाहता इस्पितळ गाठा, तिथे इंजेक्शनच लागते.