दिलेला शब्द आणि लिहिलेली चिठ्ठी

डावाचे कायदे : लेखांक 6

सन 1901 चा वसंत ऋतू. पटावर पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप पसरलेला आहे. ऑस्ट्रियाचा आणि इटलीचा खेळाडू शेजारच्या खोलीत जाऊन बोलून आले आहेत. ठरले ते असे : ऑस्ट्रियाने त्रिएस्तचे आरमार खाली अल्बानियाकडे न्यायचे, रशियाला अडवायला व्हिएन्नाची फौज गॅलिशियात धाडायची आणि इटलीने व्हेनिसची फौज जागची हलवायची नाही. त्रिएस्त रिकामे पडणार, पण इटलीने शब्द दिला आहे. मग सातही खेळाडू आपापल्या चिठ्ठीवर हुकूम लिहितात आणि चिठ्ठ्या एकाच वेळी उघडल्या जातात. इटलीच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते : फौज, व्हेनिसहून त्रिएस्तकडे.

ऑस्ट्रियाच्या खेळाडूने टेबलावर मूठ आपटली तरी दाद मागायला जागा नाही. मोडला गेला तो शब्द. नियम जसाच्या तसा शाबूत आहे.

हा खेळ म्हणजे 'डिप्लोमसी'. ॲलन कॅलहॅमर या अमेरिकन माणसाने तो 1954 मध्ये रचला. लहानपणी माळ्यावरच्या एका जुन्या भूगोलाच्या पुस्तकात त्याला महायुद्धापूर्वीच्या युरोपचा नकाशा सापडला होता. आता नाहीशी झालेली ती साम्राज्ये त्याच्या मनातून गेली नाहीत. पुढे हार्वर्डमध्ये इतिहास शिकताना महायुद्धाची कारणे वाचली आणि त्या नकाशाला खेळाचे रूप आले. प्रकाशक मिळेना, तेव्हा 1959 मध्ये त्याने पदरच्या पैशाने 500 प्रती काढल्या. खेळ जगभर पोचला, कॅलहॅमरने मात्र पुढे कित्येक वर्षे इलिनॉयमध्ये टपाल वाटण्याची नोकरी केली. 2013 मध्ये तो वारला.

मागच्या लेखांकात फाशांची चर्चा झाली. या खेळात फासाच नाही, पत्तेही नाहीत. मग अनिश्चितता येते कुठून? ती समोरच्या माणसाच्या मनातून येते, आणि ती तिथूनच यावी अशी नियमांची बांधणी आहे. अनेकांनी मिळून राष्ट्रे चालवायचा खेळ रचू पाहणाऱ्याने सगळ्यात आधी हीच बांधणी उलगडून पाहावी.

पटावर 34 पुरवठा-केंद्रे आहेत. जितकी केंद्रे हाती, तितक्या फौजा आणि आरमारे ठेवता येतात. रशियाला सुरुवातीला चार मिळतात, बाकीच्या सहा सत्तांना तीन-तीन. म्हणजे 22 केंद्रे वाटलेली आणि 12 मोकळी. ही मोकळी केंद्रे पहिल्या एक-दोन वर्षांत संपतात. त्यानंतर कुणाचेही एक केंद्र वाढले की दुसऱ्या कुणाचे तरी गेलेले असते. जिंकायला 18 लागतात.

आता लढाईचा नियम पाहा. प्रत्येक फौजेचे बळ सारखेच, एक. म्युनिकची जर्मन फौज आणि पॅरिसची फ्रेंच फौज दोघीही बर्गंडीत शिरू पाहतील तर दोघी जागच्या जागी राहतात. पण मार्सेयच्या फौजेने पॅरिसला पाठिंबा दिला की दोनास एक होते आणि फ्रान्स बर्गंडीत शिरतो. हा पाठिंबा दुसऱ्या देशाच्या फौजेलाही देता येतो. साऱ्या खेळाचे मर्म या एका सवलतीत आहे. मोजक्या फौजांवर एकट्याने पुढे सरकणे जवळजवळ अशक्य, म्हणून शेजाऱ्याची मदत हवी. ती मदत शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर लिहिली जाते आणि ती चिठ्ठी उघडेपर्यंत दिसत नाही. बोलणी करा, असे खेळाडूंना वेगळे सांगावे लागत नाही, फौजांचे गणितच त्यांना उठवून शेजारच्या खोलीत नेते.

आणखी एक बारीक नियम आहे आणि कॅलहॅमरची खरी कारागिरी त्यातच दिसते. वर्षात दोन चाली असतात, एक वसंतातली आणि एक शरदातली. केंद्र कुणाचे झाले हे फक्त शरदाच्या चालीनंतर मोजतात. त्यामुळे वसंतात त्रिएस्तमध्ये शिरलेला इटलीचा खेळाडू अजूनही म्हणू शकतो, 'टिरोलमार्गे जर्मनीवर जायचे होते, वाटेत थांबलो. शरदात निघतो.' कदाचित तो खरेच निघेल. ऑस्ट्रियाने ते मानायचे की फौजा मागे फिरवायच्या? वर्षात एकच चाल असती तर हा प्रश्न उठलाच नसता. दगा आणि हिशेब यांच्यामध्ये नियमाने एक ऋतू ठेवला आणि त्या ऋतूत समजूत, धमकी, माफी या सगळ्यांना जागा मिळाली.

बोलणी किती वेळ चालावीत, हे मात्र नियम ठरवतो. मूळ नियमांनुसार पहिल्या चालीआधी 30 मिनिटे आणि नंतर प्रत्येक वेळी 15. बोलण्याची वेळ बांधलेली आहे. काय बोलायचे, खरे की खोटे, करार पाळायचा की नाही, यावर नियमपुस्तिका गप्प आहे. हे गप्प राहणे विचारपूर्वक आहे. नवखा डिझायनर हमखास इथेच गडबडतो. करार मोडणाऱ्याला दंड, तह पाळणाऱ्याला गुण, असे तो लिहीत सुटतो. मग तहाची किंमत आकड्यात ठरते. खेळाडू तो दंड परवडतो का एवढेच मोजतात आणि एकमेकांचे चेहरे वाचायचे सोडून देतात.

2022 मध्ये मेटा कंपनीने या खेळासाठी 'सिसेरो' नावाची संगणक प्रणाली तयार केली. तिला नुसत्या चाली हेरून भागणार नव्हते, माणसांशी लिहून बोलावे लागणार होते. 40 ऑनलाइन डावांत, एकाहून जास्त डाव खेळलेल्यांमध्ये ती वरच्या दहा टक्क्यांत आली. बुद्धिबळात डीप ब्लूने कास्पारोवला हरवले ते 1997 मध्ये. बोलणी हाच गाभा असलेल्या खेळात इथवर यायला पुढची 25 वर्षे लागली.

नियम किती लिहावेत, हा वाद मात्र कॅलहॅमरच्याही आधीचा आहे. प्रशियात रायसविट्झ पिता-पुत्रांनी 'क्रीगस्पील' हा युद्धाचा खेळ घडवला. वडिलांनी 1812 मध्ये तो राजाला दाखवला आणि मुलाने 1824 मध्ये त्याला सैन्याच्या नकाशांवर आणले. दोन्ही बाजूंना शत्रूचे सगळे दिसत नसे. हुकूम पंचाकडे जायचे आणि पंच फासे व कोष्टके पाहून निकाल द्यायचा. कोष्टके वाढत गेली, खेळ कूर्मगतीने चालू लागला. 1876 मध्ये फेर्डी दु व्हर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने कोष्टके बाजूला सारायला सांगितले : पंच अनुभवी असेल तर त्याचा निर्णय पुरे. चार वर्षांनी अमेरिकन सैन्यातल्या चार्ल्स टॉटनचे 'स्ट्रॅटेगॉस' आले. त्यातला पंच खेळाडूने सुचवलेली कुठलीही कृती तपासून निकाल देऊ शकत होता.

हे पुस्तक जवळजवळ 90 वर्षांनी मिनेसोटात डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती लागले. 1969 मध्ये त्याने नेपोलियनच्या काळातले ब्राउनस्टाइन नावाचे एक काल्पनिक गाव मांडले. लढाई दोन सेनापतींची, पण खेळायला येणारे जवळपास वीस. मग उरलेल्यांना त्याने गावातल्या भूमिका दिल्या : कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा प्रमुख. प्रत्येकाचा हेतू वेगळा. लढाई राहिली बाजूला. लोक एकेक करून वेस्लीकडे येऊ लागले, मला याला भेटायचे आहे, मला त्याला तुरुंगात टाकायचे आहे. ज्याचे नियमच लिहिले नव्हते अशा द्वंद्वाचा निकालही त्याला द्यावा लागला. खेळ फसला असे समजून वेस्ली हिरमुसला, पण खेळलेले लोक म्हणाले, पुन्हा कधी? त्या मंडळींपैकी डेव्ह आर्नसन पुढे गॅरी गायगॅक्ससोबत 1974 च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा कर्ता झाला. भूमिका घेऊन खेळण्याची आजची सगळी परंपरा त्या गावातून निघाली आहे.

वेस्लीने नकळत एक गोष्ट दाखवून दिली. राष्ट्र म्हणजे एक सोंगटी धरली की खेळ वरवरचा राहतो. आतली माणसे आली की राष्ट्र जिवंत होते. हीच गोष्ट नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हॅरल्ड गेट्झको 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून अभ्यासक म्हणून मांडत होता. त्याच्या 'इंटर-नेशन सिम्युलेशन'मध्ये विद्यार्थी काल्पनिक देशांचे सत्ताधारी होत. त्यांची खुर्ची टिकणार की जाणार हे देशातल्या समर्थक गटांच्या समाधानावर ठरे आणि ते समाधान दोन गोष्टींवर : लोकांना मिळणारा माल आणि देशाची सुरक्षितता. सगळी साधने तोफांवर घातली तर घरात नाराजी, सगळी धान्यावर घातली तर शेजारी डोळे वटारणार. अशा सत्ताधाऱ्याने परदेशाला दिलेला शब्द मोडला तर तो कपटी असेलच असे नाही. घरचा दाब त्याला तसे करायला लावत असेल. हा दाब नियमांत आणायचाच असेल तर असा, दोन-तीन आकड्यांत आणावा. तीस आकडे दिले की सत्ताधाऱ्याचा कारकून होतो.

खोटेपणाला किती वाव द्यायचा याचे फार सुरेख माप ब्रिटिश डिझायनर फ्रान्सिस ट्रेशम याने 1980 च्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये काढले. पट भूमध्य समुद्राच्या पूर्व भागाचा, खेळाडू सातपर्यंत. मालाचे पत्ते एकमेकांत बदलायचे आणि एका व्यवहारात निदान तीन पत्ते द्यायचे. देऊ केलेल्या पत्त्यांबद्दल थोडे खरे सांगणे बंधनकारक, उरलेल्याबद्दल थाप मारता येते. तीन पत्त्यांची अट इथे कामाला येते, कारण खऱ्या मालाच्या आड रोगराईसारख्या संकटाचा पत्ता शेजाऱ्याच्या गळ्यात घालता येतो. सगळे खरे बोलायची सक्ती केली असती तर बाजार निर्जीव झाला असता. सगळे खोटे चालले असते तर बाजारात कुणी आलाच नसता. याच खेळात ज्याची लोकसंख्या सगळ्यात मोठी त्याला चाल आधी करावी लागते, बाकीचे त्याची चाल पाहून आपली ठरवतात. पुढे गेलेल्याला थोपवायचा याहून सोपा नियम सापडणे कठीण.

नियमाने मुळीच मोकळी सोडू नये अशी एक जागा आहे : राष्ट्राच्या नावाने हुकूम देण्याचा हक्क नेमका कुणाला. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा 2003 साली सुरू झालेला 'ईव्ह ऑनलाइन' हा अवकाशातला खेळ हजारो लोक एकाच विश्वात खेळतात. त्यातली 'बँड ऑफ ब्रदर्स' ही युती अनेक वर्षे प्रबळ होती. फेब्रुवारी 2009 मध्ये तिचा एक संचालक शत्रूपक्षाला, म्हणजे 'गूनस्वार्म'ला, जाऊन मिळाला आणि त्याने आपल्या अधिकारात युतीच बरखास्त केली. मुलखावरची मालकी युतीच्या नावावर होती. नाव गेले आणि मालकी गेली. कंपनीने हे वैध मानले, कारण बरखास्तीचा अधिकार त्या पदाला नियमानेच दिलेला होता. एवढ्या मोठ्या सत्तेला एकाच माणसाची सही पुरली.

द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न याच जातीचा होता. जो आधी स्वतःला हरला त्याला दुसऱ्या कुणाला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? भीष्मांनाही सरळ उत्तर देता आले नाही. डाव मांडण्याआधी ते कुणी ठरवलेच नव्हते.

मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराने नोव्हेंबर 2002 मध्ये आपल्या 'जेनिफर गव्हर्नमेंट' या कादंबरीच्या प्रसिद्धीसाठी 'नेशनस्टेट्स' सुरू केला. प्रत्येकाने एक देश चालवायचा आणि समोर येणाऱ्या पेचांवर निर्णय द्यायचे. देशांचे प्रदेश होतात आणि ज्याला सर्वाधिक शेजारी पाठिंबा देतात तो प्रदेशाचा प्रतिनिधी. खेळाडूंनी यातून भलतेच काही शोधले : टोळीने एखाद्या प्रदेशात शिरायचे, एकमेकांना पाठिंबा द्यायचा आणि प्रतिनिधिपद बळकावायचे. मग प्रदेश राखायला जाणाऱ्या दुसऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या. बॅरीने चढाईवर बंदी घातली नाही, तिला किंमत लावली. रहिवाशांना हाकलायला प्रभाव खर्चावा लागतो आणि प्रभाव साठतो तो राहून राहून. नव्या आक्रमकाला जुना रहिवासी चटकन हाकलता येत नाही. खेळाडूंनी शोधलेली वाट बुजवण्याआधी ती कुठे जाते हे पाहण्याचा हा धीर फार थोड्या डिझायनरांकडे असतो.

शेवटी अनुपस्थितांचा प्रश्न. 1963 मध्ये जॉन बोर्डमनने 'ग्राउस्टार्क' या पत्रिकेतून टपालाने 'डिप्लोमसी' खेळणे सुरू केले. टपालावर चालणारा डाव महिनोन् महिने रेंगाळणार, आणि त्यात कुणाचे लग्न, कुणाची परीक्षा, कुणाचे मन उडालेले. चिठ्ठी येतच नाही. कॅलहॅमरच्या नियमांत यासाठी सोय आहे : त्या देशातले सरकार कोसळले असे मानायचे. त्याच्या फौजा जागेवर उभ्या राहतात, एकमेकींना पाठिंबा देत नाहीत, हुसकावल्या गेल्या की संपतात. नव्या फौजा उभ्या होत नाहीत. मात्र इतर देशांना त्यांना पाठिंबा देता येतो.

म्हणून रशियाचा खेळाडू उठून गेल्यावरही सेव्हास्तोपोलमध्ये त्याचे एक आरमार उभे असते. तुर्कस्तानची फौज आर्मेनियातून त्याच्यावर चालून येते, काळ्या समुद्रातल्या आरमाराचा तिला पाठिंबा. एकाला दोन, म्हणजे सेव्हास्तोपोल पडणार. चिठ्ठ्या उघडतात. ऑस्ट्रियाच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते : रुमानियातली फौज, सेव्हास्तोपोलच्या रशियन आरमाराला पाठिंबा. दोनाला दोन. तुर्की फौज आर्मेनियातच राहते आणि ज्याला आता धनी नाही ते आरमार आणखी एक ऋतू टिकते.