एका दिवसाची घाई

तरुण प्रेमिकांची शोकांतिका वाचून झाली म्हणजे वडीलधारी मंडळी बहुधा एकच उद्गार काढतात : पोरांनी आईबापांचे ऐकले असते तर! आम्हीही पूर्वी तसेच म्हणत असू. शेक्सपिअरचे १५९७ साली प्रथम छापले गेलेले ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ पुन्हा सावकाश वाचले, तेव्हा मात्र आमचे मत पालटले.

ज्युलिएटला अद्याप चौदा वर्षेही पुरी झालेली नाहीत. तिचा पिता कॅप्युलेट आरंभी मोठा समंजस दिसतो. पॅरिस नावाचा उमराव मागणी घालतो, तेव्हा मुलगी लहान आहे, आणखी दोन वर्षे जाऊ द्या, तिचे मन वळवा, तिच्या पसंतीतच आमची संमती आहे, असे तो सांगतो. असा बाप कोणास आवडणार नाही? परंतु घरातला तरुण टिबॉल्ट रोमिओच्या हातून मारला जातो आणि घरावर शोककळा पसरते. तेव्हा हाच पिता मुलीला एका शब्दाने न विचारता येत्या गुरुवारी लग्न ठरवून मोकळा होतो. ती गुडघे टेकून विनवते. तो तिला घराबाहेर काढून उपाशी मारण्याची धमकी देतो. आई तोंड फिरवते. रोमिओशी आपले लग्न गुपचूप लागले आहे, हे त्या घरात सांगायचे तरी कोणाला?

पुढची गोष्ट वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही. मुलगी वरवर कबूल होताच कॅप्युलेट हर्षभराने लग्न गुरुवारऐवजी बुधवारी आणतो. साहजिकच ज्युलिएटला गुंगीचे औषध एक रात्र आधी घ्यावे लागते आणि रोमिओकडे निरोप पोहोचवण्यास एक दिवस कमी उरतो. निरोप्या साथीच्या संशयाने वाटेतच कोंडला गेला, हे खरे. पण तो हातचा दिवस बापानेच घालवला होता.

धर्मगुरू लॉरेन्स यांनाही आम्ही निर्दोष म्हणणार नाही. दोन वैरी घराण्यांत समेट होईल या आशेने त्यांनी गुप्तपणे लग्न लावले. पुढे दोन्ही आईबापांसमोर जाऊन ते सांगण्याचे धैर्य मात्र त्यांना वेळेवर झाले नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली असे चोरटे विवाह बंद करण्यासाठी जाहीर घोषणा, धर्मगुरू व साक्षीदार आवश्यक ठरवले होते. त्याच परिषदेने, आईबापांची संमती नाही एवढ्याच कारणाने विवाह रद्द ठरतो, हे मत मात्र साफ नाकारले. आमच्या कित्येक धर्मनिष्ठ घरांत यातला पहिला भाग तेवढा आठवतो!

हे सारे दूरदेशीचे, असे कोणी म्हणेल. परंतु औराद तालुक्यातील चिंताकीकडच्या मराठी घरांनी २०१६ सालचा नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ पाहिला असेल. कन्नड जाणणाऱ्यांनी त्यावरून निघालेला ‘मनसु मल्लिगे’ही २०१७ साली पाहिला असेल. करमाळ्याकडच्या पाटलाची मुलगी आर्ची व गरीब घरचा परश्या पळून जातात, हैदराबादेस कष्टाने संसार उभा करतात, त्यांना मूल होते. आर्ची आईशी फोनवर बोलते आणि काही दिवसांनी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात येतात. तिने किती आनंदाने त्यांना चहा केला!

सज्ञान मुलामुलींच्या विवाहास घराण्याची वा जमातीची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी स्पष्ट केले आहे. अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे उभारण्याचा विचार करावा, असेही सांगितले आहे. आईबापांपासून लेकरांना लपवण्यासाठी निवारा लागावा, ही गोष्ट आम्हांस निकालाहूनही अधिक बोचते.

नाटकाच्या शेवटी दोघे बाप थडग्यापाशी हात मिळवतात आणि एकमेकांच्या लेकरांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचे वचन देतात. रोमिओची आई तो समेट पाहायला उरलेली नसते. मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने तिने त्याच रात्री प्राण सोडलेला असतो.