सोयाबीन बाजारात जाते, घरात का येत नाही?



आडसाली उसात सोयाबीनचे आंतरपीक आपल्याला नवे नाही. पावसाळ्यात लावण झाली की वरंब्यावर सोयाबीन टोकायचे, दसरा-दिवाळीच्या सुमारास काढायचे आणि पोती भरून बाजारात न्यायची. पण त्यातले मूठभर दाणे तरी घरच्या चुलीवर चढतात का? ऊस कारखान्याला, दूध डेअरीला, सोयाबीन तेलाच्या गिरणीला. आणि पोरांच्या ताटात भाकरी अन् पातळ आमटी! म्हणून भाजीच्या सोयाबीनची माहिती आम्ही येथे देत आहोत.

भाजीचे सोयाबीन म्हणजे काय?

पीक तेच, फरक वाणाचा आणि तोडणीच्या वेळेचा. दाणा टपोरा, चवीला गोडसर, उग्र वास कमी. शेंग वाळू न देता मटारासारखी हिरवीच तोडायची. जपानात यास 'एदामामे' म्हणतात व शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खातात. आपल्या देशात रांचीच्या संशोधन केंद्राचा 'स्वर्ण वसुंधरा' आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा 'करुणे' हे वाण आहेत. उकडलेल्या १०० ग्रॅम हिरव्या दाण्यांत सुमारे १२ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच मटारात ५ ग्रॅमच्या आसपास.

लागवड

पहिल्या वर्षी घरापुरते दोन गुंठेच करावे. हिरव्या शेंगांना गावच्या बाजारात लगेच गिऱ्हाईक मिळेल असे धरून चालू नये.

बियाणे जपून हाताळावे. पोते आपटले तरी उगवण घटते. आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहावेत. ७० उगवले तर पेरण्याजोगे. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम चोळून, सावलीत सुकवून, दोन-तीन सेंटिमीटर खोल टोकावे. मुळांवरच्या गाठी हवेतील नत्र धरतात.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. उसातील तणांसाठी आपण ॲट्राझीन किंवा २,४-डी मारतो. ही औषधे सोयाबीनला मारक आहेत. आंतरपीक आहे तेथे खुरपणीच करावी. तसेच कीड-रोगावर फवारले तर डब्यावर लिहिलेले दिवस उलटल्याखेरीज शेंग तोडू नये. वाळल्या सोयाबीनला चालते ते येथे चालणार नाही. ही शेंग थेट घरात जाणार आहे.

तोडणी

साधारण ७० ते ७५ दिवसांत दाणे भरून एकमेकांना टेकतात, शेंग मात्र हिरवीगार असते. तीच वेळ. आठवडाभर ढिलाई केली की शेंग पिवळी पडते आणि गोडी जाते. सकाळच्या गारव्यात तोडून त्याच दिवशी शिजवावी. तोडणीनंतरचा पाला सरीत दाबला तर उसालाच खत होते. बियाण्यासाठी पाच-पन्नास निरोगी झाडे वाळू द्यावीत. हे संकरित पीक नव्हे, तेव्हा घरचे बी पुढच्या वर्षी चालते.

शिजवणे

कच्चे दाणे कोणीही खाऊ नयेत. त्यात प्रथिनांचे पचन अडविणारा घटक असतो. तो उकडल्याने कमी होतो. शेंगा धुऊन मिठाच्या उकळत्या पाण्यात आठ-दहा मिनिटे ठेवाव्यात व दाणे सोलून घ्यावेत. सालपट खायचे नाही. पावट्यासारखी उसळ, वांग्या-बटाट्यात भाजी, आमटी, काहीही करता येते. मुले तर नुसते मीठ लावलेले दाणेही आवडीने खातील.

उसाचे बिल वर्षा-दीड वर्षाने हाती येते, पण पोरांची वाढ तोवर थांबत नाही. लावण उभी असताना पहिले अडीच महिने वरंबा मोकळाच असतो. त्यातले दोन गुंठे घरासाठी राखावेत. बी, वाण व लागण याविषयी शंका असल्यास गट ऑफिसात येऊन बोलावे, आणि येताना घरातील बाईमाणसालाही बरोबर आणावे. कारण शिजवायचे अन् वाढायचे त्यांनाच आहे.

– ऊस विकास अधिकारी