पाहुण्याची उसनी पत

जून-जुलै महिन्यांत अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांवर एक दृश्य हमखास दिसतं. वीस-पंचवीस जणांचा जथा, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, छातीवर आपल्या चर्चचं नाव, सोबत वह्या, खेळणी आणि औषधं भरून टम्म फुगलेल्या बॅगा. मेक्सिको, ग्वाटेमाला किंवा केनियाच्या विमानाची वाट बघणारी ही मंडळी आठ-दहा दिवसांनी उन्हात रापून परत येतात. तेवढ्या काळात त्यांनी कुठे शाळेच्या भिंती रंगवलेल्या असतात, कुठे वैद्यकीय शिबिरात हातभार लावलेला असतो, कुठे मुलांना गाणी आणि बायबलमधल्या गोष्टी शिकवलेल्या असतात. या दौऱ्यांना 'शॉर्ट टर्म मिशन' म्हणतात.

प्रकार तसा फार जुना नाही. मिशनरी म्हणजे आयुष्यभरासाठी घर सोडलेला माणूस, हे समीकरण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्कं होतं. १९५७च्या उन्हाळ्यात जॉर्ज वर्वर हा कॉलेजात शिकणारा तरुण दोन मित्रांना घेऊन मेक्सिकोत धार्मिक पुस्तकं वाटायला गेला. त्यातून पुढे 'ऑपरेशन मोबिलायझेशन' ही जगभर पसरलेली संस्था उभी राहिली. १९६०मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी 'यूथ विथ अ मिशन' सुरू केली. पुढे विमानप्रवास स्वस्त होत गेला आणि सुट्टीतली सेवा अमेरिकी चर्चच्या वार्षिक कार्यक्रमात जाऊन बसली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५च्या पाहणीवरून काढलेला अंदाज असा की, अमेरिकेतल्या चर्चचे सुमारे १६ लाख सदस्य वर्षाला अशा परदेशी दौऱ्यावर जातात आणि त्यांचा मुक्काम बहुधा आठवडाभराच्या आसपास असतो.

आठवड्यात भिंत रंगवून होते. माणूस कळतो का?

ऑक्टोबर १९९८मध्ये 'मिच' या चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केला. हजारो माणसं गेली, गावंच्या गावं चिखलाखाली गाडली गेली. घरं बांधायला उत्तर अमेरिकेतून चर्चच्या तुकड्या येऊ लागल्या. होंडुरासमध्ये अनेक वर्षं राहिलेले समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी नंतर या कामाचा अभ्यास केला. सुमारे दोन हजार डॉलरमध्ये होणाऱ्या एका घरासाठी परदेशी तुकडीच्या येण्या-जाण्यावर आणि मुक्कामावर तीस हजारांच्या आसपास डॉलर खर्च होत होते. परदेशी तुकड्यांनी बांधलेल्या घरांत राहणारी कुटुंबं आणि स्थानिक संस्थांनी बांधलेल्या घरांत राहणारी कुटुंबं यांच्या आयुष्यात त्यांना फारसा फरक आढळला नाही. येऊन गेलेल्यांच्या आयुष्यातही तो अपेक्षेपेक्षा कमीच होता. दौऱ्यानंतर आपण जास्त दान देऊ लागलो, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. संबंधित संस्थेच्या हिशोबाच्या वह्यांनी मात्र त्याला दुजोरा दिला नाही.

या आकड्यांवर दौऱ्यांच्या समर्थकांचं उत्तर ठरलेलं असतं: आम्ही विटा रचायला जात नाही, नाती जोडायला जातो. उत्तर चांगलं आहे. पण नातं हाच हेतू असेल तर दौऱ्याची आखणीही तशी हवी, आणि नेमकी तिथेच गफलत होते. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत सिमेंट कालवायचं, जेवण आपापसात, रात्री मुक्काम शहरातल्या हॉटेलात, शेवटच्या दिवशी गावकऱ्यांना मिठी मारून फोटो. अशा वेळापत्रकात ज्याच्यासाठी घर बांधलं त्या माणसाशी दोन शब्द बोलायला दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी उरते, तीही दुभाषा मोकळा असला तर.

हा वाद साठीच्या दशकातही पेटला होता. इव्हान इलिच हे कॅथलिक धर्मगुरू मेक्सिकोतल्या कुएर्नावाका इथे लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्या मिशनऱ्यांना भाषा आणि भान देणारं केंद्र चालवत. एप्रिल १९६८मध्ये सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवा करायला निघालेल्या विद्यार्थ्यांपुढे त्यांना भाषणाला बोलावलं होतं. त्यांनी यजमानांची भीड ठेवली नाही. तुम्ही बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या. मदत करायला मात्र येऊ नका, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांना 'तुमचं इथे काम नाही' असं तोंडावर सांगण्याची सोय नाही, अशा लोकांवर आपला चांगुलपणा लादणं हा त्यांना उद्धटपणा वाटत होता. ते भाषण आजही अनेक प्रशिक्षणवर्गांत दौऱ्यावर जाण्याआधी वाचायला देतात.

इलिच यांच्याही आधी, १९१०मध्ये, एका भारतीयाने हीच नस पकडली होती. एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत बाराशेवर प्रतिनिधी जमले होते. त्यात आशिया-आफ्रिकेतले जेमतेम मूठभर. त्यांपैकी तमिळनाडूचे व्ही. एस. अझरिया बोलायला उभे राहिले. मिशनऱ्यांनी भारतासाठी कष्ट सोसले, जीव दिले, हे त्यांनी कृतज्ञतेने मान्य केलं आणि मग सगळ्या सभागृहाला अवघडून टाकणारी मागणी केली: आता आम्हाला मित्र द्या. गोरे मिशनरी भारतीय सहकाऱ्यांना कामाला घेतात, उपदेश करतात, पण जेवायला घरी बोलावत नाहीत, हे त्यांचं दुखणं होतं. दोन वर्षांनी हेच अझरिया दोर्नकलचे बिशप झाले; अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप.

महाराष्ट्रातही त्याच काळात हे दुखणं होतं. कवी नारायण वामन टिळक यांचा १८९५मध्ये बाप्तिस्मा झाला आणि पुढची बरीच वर्षं ते नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. मिशनऱ्यांशी त्यांचे संबंध आपुलकीचे होते, तरी मिशनचा पगारी नोकर म्हणून राहणं त्यांना जड जाऊ लागलं. १९१७मध्ये ती नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा आपला वेगळा मेळा सुरू केला. पगार देणारा आणि घेणारा यांच्यात बरोबरीची मैत्री टिकवणं किती अवघड, हे टिळकांइतकं क्वचितच कुणी जवळून पाहिलं असेल.

आजच्या अल्पकालीन दौऱ्यात पैशाचं हे अंतर असतंच. वर वेळेचीही चणचण. म्हणूनच जाणत्या संस्था आता नात्याची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करतात. गावात पहिल्या दिवशी पाहुण्याचं जे स्वागत होतं ते मुळात त्याचं नसतं. ते तिथल्या पाळकाचं, परिचारिकेचं, शाळेतल्या बाईंचं असतं. ही माणसं वर्षानुवर्षं लग्नाला-मयताला गेलेली, रात्री-अपरात्री दवाखान्यात धावलेली असतात. पाहुणा त्यांची पत उसनी घेऊन गावात वावरतो. तो नीट वागला तर यजमानाची पत वाढते. तो काहीबाही आश्वासनं देऊन निघून गेला तर पुढची कित्येक वर्षं त्याची फेड यजमानाला करावी लागते. दौऱ्यावरचं सगळ्यांत महत्त्वाचं नातं त्यामुळे या यजमानाशी असतं.

अमेरिकेत २००३मध्ये अशा दौऱ्यांसाठी सात मानकं ठरवली गेली. त्यात भागीदारी, दोन्ही बाजूंनी मिळून केलेली आखणी, योग्य प्रशिक्षण आणि परतल्यानंतरचा पाठपुरावा यांना जागा आहे. साध्या भाषेत सांगायचं तर काम काय करायचं, किती जणांनी यायचं आणि कधी यायचं हे यजमान ठरवणार. शेतीच्या हंगामात पंचवीस पाहुण्यांचा स्वयंपाक करणं गावातल्या बायकांना परवडतं का, हा प्रश्न विमानाची तिकिटं काढण्याआधी विचारायचा.

दुसरी गोष्ट भाषेची. टॉम आणि बेटी स्यू ब्रूस्टर या दांपत्याने १९७६मध्ये भाषा शिकण्याची एक व्यवहारी पद्धत पुस्तकरूपाने मांडली. थोडं शिका आणि तेवढंच दिवसभर माणसांत वापरा, हा तिचा गाभा. नव्या मिशनऱ्याने पहिल्या दिवसापासून परदेशी लोकांच्या वसाहतीत न राहता स्थानिक कुटुंबात राहावं, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचं म्हणणं दीर्घकाळ राहणाऱ्यांसाठी होतं; पण आठ दिवसांच्या पाहुण्यालाही दहा वाक्यं शिकता येतात. 'तुमचं नाव काय', 'मुलं किती', 'हे कसं करायचं, मला दाखवा'. मोडकं-तोडकं बोलणाऱ्या पाहुण्याला शेजारची पोरं हसतात, दुरुस्त करतात, आणि तेवढ्या वेळापुरता गाव गुरू होतो, पाहुणा शिष्य. देणारा-घेणारा ही मांडणी उलटायला याहून स्वस्त उपाय नाही.

प्रशिक्षक या संदर्भात लूकच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय आवर्जून काढतात. येशू शिष्यांना दोघा-दोघांनी गावोगाव पाठवतो तेव्हा थैली, झोळी, जोडे काहीच सोबत घेऊ देत नाही. एकाच घरी उतरा, घरं बदलत फिरू नका, पुढ्यात येईल ते खा, असं सांगतो. म्हणजे पाठवलेला माणूस रिकाम्या हाताने गेलेला आणि गावाच्या पाहुणचारावर अवलंबून. बॅगा भरभरून नेणाऱ्या आजच्या तुकड्यांना हा अध्याय थोडा अडचणीचाच आहे.

त्यातून काही रोजचे नियम निघाले आहेत. दुपारनंतरचा वेळ मोकळा ठेवणं. यजमानाच्या घरी भाजी चिरायला, पाणी भरायला बसणं. पैसे किंवा वस्तू परस्पर कुणाच्या हातात न देता स्थानिक मंडळींमार्फत देणं. 'पुढच्या वर्षी येईन', 'तुझ्या शिक्षणाचं बघतो' असली वाक्यं पाळायची नसतील तर तोंडातून न काढणं. फोटो विचारून काढणं. २०१६मध्ये 'बार्बी सेव्हियर' नावाच्या इन्स्टाग्राम खात्याने काळ्या मुलांच्या घोळक्यात सेल्फी काढणाऱ्या गोऱ्या स्वयंसेवकांची इतकी टिंगल केली की या नियमाची कारणमीमांसा कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आणि शेवटचा नियम: दरवर्षी नवा देश न शोधता त्याच गावात परत जाणं.

मात्र जवळीक प्रत्येक वेळी चांगलीच असते असं नाही. अनाथाश्रमांना दिलेल्या भेटी हे त्याचं सगळ्यांत ठळक उदाहरण. दर आठवड्याला नवा ताई-दादा येतो, कडेवर घेतो, जीव लावतो आणि जातो. आधीच माणसं गमावलेल्या मुलाला ही ताटातूट पुन्हा पुन्हा सोसावी लागते. त्यात कंबोडिया आणि हैतीत झालेल्या पाहण्यांतून असं दिसलं की, या संस्थांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. पाहुण्यांच्या देणग्यांमुळे संस्था वाढतात आणि त्या भरण्यासाठी गरीब घरातली मुलं आणली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने या व्यवहाराकडे मुलांचा व्यापार म्हणून पाहिलं. इथे स्वयंसेवकाने मुलांपासून दूर राहून त्यांना सांभाळणाऱ्या मोठ्यांना मदत करणं, हेच शहाणपणाचं.

आणखी एक प्रश्न, जो भारतीय वाचकाच्या मनात आधीपासून असेल: ठरवून केलेली मैत्री ही धर्मांतराचं आमिष तर नाही? ही शंका चर्चमधले लोकही बोलून दाखवतात. समोरच्याने आपली श्रद्धा स्वीकारली नाही तर मैत्री आटत असेल, तर ती मैत्री नव्हतीच, असं त्यांच्यातले प्रामाणिक लोक मान्य करतात. आपण कोण, कशासाठी आलो, हे पहिल्याच भेटीत सांगणं हा त्यावरचा किमान उपाय. भारतात तर कायद्यानेच रेषा आखलेली आहे. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही, मिशनरी व्हिसा वेगळा असतो. २०२१च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकांनाही मिशनरी कामासाठी खास परवानगी लागते. पाहुण्याने ही रेषा ओलांडली तर तो विमानाने घरी जातो आणि पोलिस ठाण्यात उत्तरं द्यायला यजमान उरतो.

राहून नातं जोडणं काय असतं, हे महाराष्ट्राने जवळून पाहिलं आहे. स्पेनमधून आलेले जेझुइट व्हिन्सेंट फेरर यांनी पन्नाशीच्या दशकात मनमाड परिसरात शेतकऱ्यांबरोबर विहिरी खोदण्याचं काम उभं केलं. १९६८मध्ये त्यांना देश सोडण्याचा आदेश निघाला तेव्हा हजारो शेतकरी त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. पुढे ते परत आले आणि आंध्रातल्या अनंतपूरला २००९मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत राहिले. स्विस जेझुइट हर्मन बाकर १९४८मध्ये भारतात आले. नगर जिल्ह्यात त्यांचं नाव पाणलोटाच्या कामाशी कायमचं जोडलं गेलं. १९८९मध्ये सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमामागे त्यांचीच प्रेरणा होती. त्याची अट साधी होती: गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मग निधी. गावाला हात पसरायला न लावता भागीदार करणारी ही अट बाकर यांना सुचली, कारण तोवर त्यांनी इथे चार दशकं घालवली होती.

आठ दिवसांसाठी जाणारा माणूस फेरर किंवा बाकर होऊ शकत नाही, आणि त्याने तसा आव आणू नये. तो अशा माणसांच्या मागे उभा राहू शकतो: त्यांचं ऐकू शकतो, परतल्यावर त्यांच्या कामाला नियमित पैसे पाठवू शकतो, वर्षभर फोन करून विचारपूस करू शकतो. हे फक्त अमेरिकी चर्चपुरतं नाही. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं दत्तक गावांत दर हिवाळ्यात भरतात आणि शहरांतल्या चर्चचे युवा गटही आदिवासी पाड्यांवर जातात. यंदा अशा शिबिराला कुणी निघालं असेल, तर सामानाची यादी करण्याआधी एक फोन गावात करावा आणि विचारावं: आम्ही यावं असं तुम्हाला वाटतं का, आणि आलो तर कोणतं काम तुमच्या हाताखाली करू? उत्तर 'यंदा नको' असं आलं, तर ते मानावं.