खोदकामाविना गटारदुरुस्ती

पावसाळ्याच्या तोंडावर एकाच गल्लीतून आठवडाभरात काविळीचे चार-पाच रुग्ण आले, की आपण डॉक्टर मंडळी पाण्याची चौकशी करतो, 'उकळून प्या' असे सांगतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. त्या गल्लीच्या पोटात काय बिघडले असेल, हा आपला विषय वाटत नाही. वास्तविक तो आहे. आपल्याकडील बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच सुटते. उरलेल्या वेळी जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो. शेजारची मलवाहिनी फुटलेली असेल, तर मातीत मुरलेले मैलापाणी जलवाहिनीच्या ढिल्या सांध्यांतून आत शिरते आणि पाणी सुटताच पहिल्या घागरीबरोबर घरात पोचते.

लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाची १८५४ ची कथा आपण सर्वांनी पी.एस.एम.च्या पुस्तकात वाचली आहे. जॉन स्नो आणि पंपाचा दांडा सर्वांच्या लक्षात राहतो. पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. हेन्री व्हाइटहेड या धर्मोपदेशकाच्या चौकशीनंतर १८५५ मध्ये विहिरीलगतच्या घराची मैलाटाकी उकरण्यात आली, तेव्हा तिचे विटांचे बांधकाम पूर्ण कुजलेले आढळले. टाकी आणि विहीर यांत तीन फुटांपेक्षाही कमी अंतर होते. म्हणजे पटकीचे कारण अखेर एका गळक्या बांधकामात सापडले, आणि तेही खणल्यावर.

मलवाहिन्या जीर्ण का होतात, याची विकृतिमीमांसा आपल्याला सहज समजण्यासारखी आहे. मैल्याच्या तळाशी साचलेल्या बुळबुळीत थरातील जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. तो वर येऊन नळाच्या ओलसर छतावर स्थिरावतो. तेथे ॲसिडिथायोबॅसिलस जातीचे जिवाणू त्याचे गंधकाम्ल बनवतात आणि त्या आम्लाने काँक्रीटचा भुसभुशीत जिप्सम होतो. म्हणूनच काँक्रीटचा नळ मैला वाहतो त्या तळाशी नव्हे, तर छताकडून कुजतो. भाजक्या चकचकीत मातीच्या नळांना आम्ल बाधत नाही. त्यांचे दुखणे सांध्यांचे. सांध्यात झाडाची मुळे घुसतात, पावसाळ्यात भूजलाबरोबर आजूबाजूची माती आत वाहून जाते, वर पोकळी होते, आणि एके दिवशी रस्ता खचून त्यात ट्रकचे चाक अडकते. आपल्या हैदराबादेत १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर पूरनियंत्रणाबरोबरच भुयारी गटारांची योजनाही सर विश्वेश्वरय्या यांनी आखली. (त्यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्याचे आणि उमेदीची नोकरी मुंबई इलाख्यातील, हे आपल्या मंडळींनी अभिमानाने लक्षात ठेवावे.) तेव्हा मोकळ्या असलेल्या जागांवर आज बाजार, तारा आणि नळ यांचे जाळे आहे. तेथे पंधरा फूट खोल चर खणणे म्हणजे एका अवयवासाठी सबंध पोट उघडण्यासारखे.

यावरचा उपाय सुचला एरिक वुड या इंग्रज अभियंत्याला. १९७१ मध्ये लंडनच्या हॅकनी भागातील विटांच्या एका जुन्या मलवाहिनीत त्यांनी राळेत भिजवलेली फेल्टची पिशवी आतून चढवली आणि ती जागच्या जागी कडक करून जुन्या नळात नवा नळ घडवला. वीस वर्षांनी त्यातील तुकडा काढून तपासला, तेव्हा त्याची ताकद टिकून असल्याचे दिसले. पोटातील महाधमनीच्या फुगवट्यात आतून ग्राफ्ट बसवण्याची पारोदी यांची शस्त्रक्रिया १९९० ची आहे. या बाबतीत गटारवाले आपल्या पुढे होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

कामाची पद्धत अशी. प्रथम वरच्या मॅनहोलपाशी मैला अडवून पंपाने खालच्या मॅनहोलकडे वळवतात. अभियंतेही याला 'बायपास'च म्हणतात. मग उच्च दाबाच्या पाण्याने नळ धुऊन चाकांवरचा कॅमेरा आत सोडतात आणि प्रत्येक तडा, प्रत्येक मूळ, घरांच्या जोडण्यांची प्रत्येक जागा नोंदवून घेतात. राळ वेळेआधी आवळू नये म्हणून भिजवलेली पिशवी थंड ट्रकमधून आणतात. तिचे तोंड मॅनहोलमध्ये बांधून पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने ती मोजा उलटावा तशी उलटत पुढे सरकवतात. त्यामुळे राळेची बाजू जुन्या भिंतीला चिकटते. मग गरम पाणी, वाफ किंवा काचतंतूंची पिशवी असल्यास अतिनील दिवे यांनी काही तासांत ती घट्ट होते. शेवटी यंत्राचा हात आत जाऊन झाकली गेलेली घरांच्या जोडण्यांची तोंडे एकेक कापून मोकळी करतो. हे तोंड चुकले, तर महाधमनीच्या ग्राफ्टने मूत्रपिंडाची धमनी झाकावी तसाच प्रकार होतो. फक्त येथे मैला त्या घराच्या न्हाणीत उलटतो. नळाचा व्यास किंचित कमी होतो. पण नवा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने प्रवाह सहसा घटत नाही.

सामान्य आकाराच्या नळात या कामासाठी माणसाला सरपटावे लागत नाही, हा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास सुमारे १०० पीपीएमच्या पुढे नाकाला कळेनासा होतो आणि माणूस धोका टळला समजून आणखी खाली उतरतो. २०१३ च्या कायद्याने गटारांची धोकादायक हाताने सफाई करवून घेण्यास बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गटारमृत्यूची भरपाई तीस लाख रुपये ठरवली. तरीही मृत्यू थांबलेले नाहीत.

अर्थात हा सर्वरोगहर उपाय नव्हे. नळ पूर्ण कोसळला असेल, तर पिशवी जाणार कोठून? नळ मध्येच खचून त्याचा उतार बिघडला असेल, तर पिशवी तेच वळण घेते आणि मैला पूर्वीसारखाच तुंबतो. वस्ती वाढून नळ अपुरा पडत असेल, तर जुना नळ आतून फोडत त्याच मार्गाने मोठा नळ ओढण्याची निराळी पद्धत आहे. तिला दोन टोकांना खड्डे लागतात. शिवाय मुख्य वाहिनी दुरुस्त करून घरापासूनची जोडणी गळकीच ठेवली, तर मैला मातीत मुरतच राहतो.

आणखी एक बाब खास आपल्यासाठी. नेहमीच्या राळेत स्टायरीन असते. कामाच्या वेळी दिसणारे पांढरे धुके निव्वळ वाफ नसून त्यात स्टायरीनसह इतर रसायने असतात, असे पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला 'संभाव्य कर्करोगकारक' गटात घातले. ही वाफ कोरड्या पडलेल्या ट्रॅपमधून घरातही शिरते. तेव्हा गल्लीत असे काम चालू असताना एकाच इमारतीतील तीन-चार जण डोळ्यांची चुरचुर, डोकेदुखी आणि मळमळ घेऊन आले, तर साथीचे निदान करण्याआधी त्यांना खिडक्या उघडण्यास सांगावे आणि वापरात नसलेल्या न्हाणीच्या जाळीत बादलीभर पाणी ओतवून घ्यावे.